गदा कुणाची? महाराष्ट्र केसरी किताबाचा इतिहास आणि सीमाभागाचे नाते

बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत एकसंबा नावाचे गाव आहे. श्रीपती खंचनाळे यांचा जन्म 1934 साली याच गावातला. पुढे ते कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत घडले आणि 1959 साली दिल्लीच्या आखाड्यात पंजाबच्या बंता सिंग यांना हरवून हिंदकेसरी ठरले. महाराष्ट्र त्यांना पहिले हिंदकेसरी म्हणून ओळखतो. डिसेंबर 2020 मध्ये कोल्हापुरात त्यांचे निधन झाले, तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंच्या तालमींनी आपला माणूस गेल्याचे दुःख केले.

त्यांच्या आयुष्यातील तारखा राज्यांच्या तारखांशेजारी ठेवून पाहाव्यात. ते जन्मले तेव्हा चिकोडी तालुका मुंबई प्रांतात होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्याच जिल्ह्यातील चंदगड तालुका मात्र कोल्हापूरला जोडण्यात आला. खंचनाळे हिंदकेसरी झाले तेव्हा त्यांची तालीम द्विभाषिक मुंबई राज्यात होती आणि जन्मगाव म्हैसूर राज्यात. महाराष्ट्र राज्य त्यानंतर, म्हणजे 1 मे 1960 रोजी अस्तित्वात आले. मग ही गदा कोणत्या राज्याची मानायची? बेळगाव-निपाणी पट्ट्यातील कुस्तीप्रेमींना हा प्रश्न आजही जिव्हाळ्याचा वाटतो. त्याचे उत्तर शोधायचे, तर महाराष्ट्र केसरी या किताबाचा इतिहास समजून घ्यावा लागतो. चोर्ला घाट उतरला की आपण गोव्यात येतो; त्यामुळे घाटावरचा हा विषय आपल्यालाही परका नाही.

मतांचा पुरस्कार आणि मातीचा किताब

वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरविण्याची पद्धत प्रत्येक खेळाची निराळी असते. इंग्लंडमध्ये तेरा-तेरा खेळाडूंच्या संघांत खेळल्या जाणाऱ्या रग्बी लीगमध्ये 1977 पासून ‘मॅन ऑफ स्टील’ हा सन्मान दिला जातो. ऑस्ट्रेलियात याच खेळासाठी 1980 पासून ‘डॅली एम’ पदक आहे. या दोन्हींमध्ये हंगामभराच्या खेळाचे मूल्यमापन होते आणि निर्णय मतांवर किंवा गुणांवर ठरतो. आपल्याकडे महाराष्ट्राचा शिवछत्रपती पुरस्कार, कर्नाटकाचा एकलव्य पुरस्कार आणि गोव्याचा जिवबादादा केरकर पुरस्कार हे शासकीय सन्मानही निवडीनेच मिळतात. अर्ज, कामगिरीची नोंद, समितीची शिफारस अशी त्यांची वाट असते.

कुस्तीचा किताब या वाटेने येत नाही. तो त्याच दिवशी, त्याच आखाड्यात, समोर उभ्या असलेल्या मल्लाला हरवून मिळवावा लागतो. वर्षभर शंभर मैदाने मारलेला पैलवानही अंतिम फेरीत एका डावाला चुकला, तर गदा दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. म्हणूनच या किताबाचा मान मोठा आहे आणि त्यावरून होणारे वादही तितकेच कडवट असतात. समितीचा निर्णय लोक दोन दिवसांत विसरतात. पाठ लागली की नाही, हा वाद मात्र गावाच्या पारावर पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

राजाश्रय गेला, परिषद आली

कुस्तीतील जुने किताब राजदरबारांनी दिलेले होते. कोल्हापूर, बडोदा, पटियाळा, मिरज, सांगली, औंध अशा संस्थानांनी मल्ल सांभाळले, त्यांचा खुराक चालविला आणि मोठ्या कुस्त्या लावल्या. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेले खासबाग मैदान 1912 मध्ये पूर्ण झाले. हजारो प्रेक्षकांना कुठूनही आखाडा स्पष्ट दिसावा, अशी त्याची गोलाकार, उतरती रचना आहे. त्या काळात गामा पैलवानांसारखे मल्ल दरबारी आश्रयावरच जगप्रसिद्ध झाले.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. कोल्हापूर संस्थानाचे विलीनीकरण 1949 मध्ये झाले. दरबार गेले आणि तालमींचा आधारही गेला. रोजचे दूध, तूप, बदाम कोण देणार आणि मोठी कुस्ती कोण लावणार, असा प्रश्न उभा राहिला. याच काळात, 1952 मध्ये, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकून आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. तरीही अर्जुन पुरस्कार त्यांना हयातीत मिळाला नाही. 1984 मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढे तो मरणोत्तर जाहीर झाला. गुणाला मान देणारी कायमस्वरूपी व्यवस्था नसली की काय होते, हे या एका उदाहरणावरून कळते.

ही पोकळी भरून काढण्यासाठी 1953 मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. मामासाहेब मोहोळ यांचे नाव तिच्या उभारणीशी कायमचे जोडले गेले आहे. परिषदेने जिल्ह्याजिल्ह्यांतील तालीम संघांना एका छत्राखाली आणले आणि वार्षिक अधिवेशनाची प्रथा रुजवली. याच अधिवेशनात राज्यातील अव्वल मल्लाला ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब देण्याची परंपरा 1961 मध्ये औरंगाबाद येथे सुरू झाली. पहिले मानकरी दिनकर दह्यारी. त्याच वर्षाच्या अखेरीस गोवा मुक्त झाला, हे लक्षात घेतले म्हणजे या परंपरेचे वय आपल्याला चटकन कळते.

विजेत्याला मिळणारी चांदीची गदा ही या किताबाची खूण. मामासाहेबांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबाकडून ती दिली जाते. दरबारांची जागा पुढे सहकारी साखर कारखाने, बाजार समित्या, नगरपालिका आणि लोकप्रतिनिधींनी घेतली. अधिवेशन दरवर्षी वेगळ्या गावी भरू लागले आणि राजवाड्याच्या अंगणातली कुस्ती जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचली.

नावांची यादी काय सांगते?

सुरुवातीच्या काळात काही मल्लांनी सलग दोन वर्षे गदा राखली. गणपतराव खेडकर यांनी 1964 आणि 1965, चंबा मुतनाळ यांनी 1967 आणि 1968, दादू चौगुले यांनी 1970 आणि 1971, तर लक्ष्मण वडार यांनी 1972 आणि 1973 मध्ये हा मान मिळविला. दादू चौगुले यांनी पुढे 1974 च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत रौप्यपदक जिंकले. ध्यानचंद पुरस्कार मात्र त्यांना 2018 मध्ये, म्हणजे निधनाच्या एकच वर्ष आधी मिळाला.

सलग तीन वर्षांचा पराक्रम फार उशिरा घडला. नरसिंग यादव यांनी 2011 ते 2013 अशी तीन वर्षे गदा जिंकली आणि लगेच 2014 ते 2016 या काळात विजय चौधरी यांनी त्याची बरोबरी केली. दोघेही पुढे महाराष्ट्र पोलीस दलात अधिकारी झाले. जुन्या पैलवानांना गदा म्हणजे अब्रू आणि गावजत्रेत मोठ्या इनामाची कुस्ती. आजच्या तरुणाला तीत नोकरीचा दरवाजा दिसतो. 2023 मध्ये पुण्यात विजेत्या शिवराज राक्षे यांना गदेबरोबर मोटारगाडीही मिळाली. त्याच वर्षी सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली.

या यादीत आणखी एक गोष्ट दिसते. 1966 चे विजेते दीनानाथ सिंह मूळचे उत्तर प्रदेशचे. ते कोल्हापूरच्या तालमीत आले, इथलेच झाले आणि पुढे हिंदकेसरीही ठरले. नरसिंग यादव यांचे कुटुंबही उत्तर प्रदेशातून मुंबईत आलेले. 2023 मध्ये फुलगावच्या स्पर्धेत गदा जिंकणारे सिकंदर शेख सोलापूर जिल्ह्यातील मोहोळचे, पण त्यांचा पिंड कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडला. किताबाच्या नावात महाराष्ट्र असला, तरी जन्माचा दाखला पाहून तो दिला गेला नाही. घाम कोणत्या मातीत गाळला, यावर तो ठरत आला आहे.

सीमेच्या अलीकडची माती

हाच निकष सीमाभागाला लावून पाहू. निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यातील मुलाला कुस्तीचे मोठे शिक्षण घ्यायचे, तर त्याला जवळचे शहर कोल्हापूर. तंबाखूच्या व्यापारापासून दवाखान्यापर्यंत या भागाचे दळणवळण तिकडेच होते आणि तालीमही त्याला अपवाद नव्हती. शाहूपुरी, मोतीबाग, गंगावेश, मठाची तालीम ही नावे इथल्या घराघरांत परिचयाची आहेत. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा झाला की वस्तादाच्या ओळखीने त्याला तालमीत ठेवायचे आणि घरून दर आठवड्याला तूप, पीठ, डाळ पोहोचवायची, ही रीत सीमा आखली गेल्यानंतरही मोडली नाही. खंचनाळे याच वाटेने गेले.

बेळगाव शहराची स्वतःची कुस्तीपरंपराही मोठी आहे. शहापूर भागातील आनंदवाडीच्या आखाड्यात जंगी निकाली कुस्त्यांची मैदाने भरतात. महाराष्ट्रासह पंजाब, हरियाणातील नामवंत मल्ल तेथे उतरतात. तालुक्यातील गावोगावच्या यात्रांत रेवड्यांच्या कुस्तीपासून पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीपर्यंत दिवसभर आखाडा चालतो. हलगी कडाडते, फेटे बांधले जातात, निवेदक मराठीत मल्लाची कुळकथा सांगतो आणि पुकारा अनेकदा कानडीतही होतो. प्रेक्षक दोन्ही भाषांत टाळ्या वाजवतात. सीमावादाने ज्या गोष्टी दुभंगल्या, त्यांत आखाड्याचा समावेश करता येत नाही.

अडचण मैदानाच्या बाहेर सुरू होते. गावजत्रेतील कुस्ती कुणालाही खुली असते, पण किताबाची स्पर्धा संघटनेच्या रचनेवर चालते. महाराष्ट्र केसरीसाठी जिल्हा आणि शहर तालीम संघ निवड चाचणी घेतात आणि आपला संघ पाठवितात. बेळगाव हा महाराष्ट्राच्या रचनेतील जिल्हा नाही. तेव्हा बेळगावच्या मल्लाला ‘बेळगाव’ म्हणून त्या आखाड्यात उभे राहता येत नाही. त्याच्यासाठी कर्नाटक केसरी आहे, म्हैसूरच्या दसऱ्यातील ‘दसरा केसरी’, ‘दसरा कंठीरव’ हे मानाचे किताब आहेत. हे किताब कमी प्रतीचे मुळीच नाहीत. म्हैसूरच्या राजघराण्याने पोसलेली कुस्ती कोल्हापूरइतकीच जुनी आणि खानदानी आहे. प्रश्न प्रतिष्ठेचा नसून निवडीचा आहे. तालीम कोल्हापूरची, वस्ताद कोल्हापूरचा, जोडीदार मल्ल महाराष्ट्राचे, आणि स्पर्धेचा अर्ज मात्र दुसऱ्या राज्याचा, अशी ही ओढाताण आहे.

मागच्या पिढीला ही ओढाताण फारशी जाणवली नसावी, कारण गदा अब्रूपुरती होती. आता किताबावर नोकरी, मानधन, शिष्यवृत्ती अवलंबून आहे. राष्ट्रीय स्पर्धेत मल्ल एका वेळी एकाच राज्याचे प्रतिनिधित्व करतो. त्यामुळे सतराव्या-अठराव्या वर्षी घेतलेला निर्णय पुढच्या सगळ्या आयुष्याची दिशा ठरवितो. महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल किंवा महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा या मोठ्या गोष्टी झाल्या. सीमेवरच्या पैलवानाच्या घरात हा वाद कोणत्या कार्यालयातून अर्ज आणायचा, इतक्या साध्या रूपात येतो.

चीतपट ते गुणफलक

किताबाच्या इतिहासातील दुसरा मोठा बदल नियमांचा आहे. जुनी कुस्ती निकाली होती. दोन्ही खांदे मातीला लागले की हार. तोवर वेळेचे बंधन नाही. घिस्सा, ढाक, झोळी, एकलंगी अशा डावांचा शेवट डोळ्यांना दिसे आणि हजारो लोक एकाच क्षणी निकाल जाणत. काही वर्षी निकालच न लागल्याने किताब कुणालाही देण्यात आला नाही, हेही त्या पद्धतीचेच फळ.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरायचे, तर गादीवरची कुस्ती शिकणे भाग होते. गणपतराव आंदळकर आणि मारुती माने यांनी 1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदके मिळवून मातीतला मल्ल गादीवरही चमकू शकतो, हे सिद्ध केले. आज महाराष्ट्र केसरीची रचना या दोन्ही प्रवाहांना सामावून घेते. 86 ते 125 किलो वजनाच्या खुल्या गटात माती विभाग आणि गादी विभाग अशा स्वतंत्र फेऱ्या होतात. दोन्हींचे विजेते अंतिम लढतीत समोरासमोर येतात. कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. ताबा घेतल्यास दोन गुण, मोठ्या फेकीस चार, प्रतिस्पर्ध्याला रेषेबाहेर काढल्यास एक आणि दहा गुणांची आघाडी मिळाली की तेथेच विजय.

या बदलाने खेळ वेगवान झाला, पण निकाल पंचांच्या नजरेवर आला. जानेवारी 2023 मध्ये माती विभागातील एका लढतीत दिलेल्या चार गुणांवरून महाराष्ट्रभर वाद पेटला. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगर येथे पंचांच्या निर्णयावरून प्रकरण हातघाईवर गेले आणि दोन मल्लांवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली. मतांनी ठरणाऱ्या पुरस्कारांपेक्षा कुस्तीचा किताब निर्विवाद, हा जुना समज इथे डळमळीत होतो. गुणफलक आला की परीक्षकही आला.

यातच संघटनांचा वाद मिसळला. 2022 मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने राज्य परिषदेवर बरखास्तीची कारवाई केली आणि त्यानंतर राज्यात दोन संघटना उभ्या राहिल्या. 2023 च्या नोव्हेंबरात फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी महाराष्ट्र केसरीच्या नावाने स्पर्धा झाल्या. फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे विजेते ठरले. एका महिन्यात एकाच किताबाचे दोन मानकरी! दोघेही तोलामोलाचे मल्ल, त्यांच्या पराक्रमात उणे काही नाही. पण साठ वर्षांच्या यादीत त्या महिन्यासमोर कोणते नाव लिहायचे, हे पुढच्या पिढीला कोण सांगणार? बेळगावच्या पैलवानाला सीमेमुळे जो प्रश्न पडत आला, तोच प्रश्न संघटनांच्या भांडणामुळे पुण्या-सोलापूरच्या पैलवानांसमोरही उभा राहिला: माझी कुस्ती कोणाच्या दप्तरात नोंदली जाणार?

नावापुढे काय लिहावे?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. खंचनाळे यांची गदा कोणत्या राज्याची? कोल्हापूर म्हणेल, ते आमच्या तालमीचे. एकसंबा म्हणेल, ते आमच्या गावचे. दोघांचेही म्हणणे खरे आहे आणि त्यात परस्परविरोध नाही. विरोध निर्माण होतो तो नोंदीत, कारण नोंदीला एकच रकाना असतो. विजेत्याच्या नावापुढे कंसात जिल्हा लिहिण्याची आपली पद्धत आहे. त्या एका शब्दात मल्लाचे जन्मगाव आणि त्याला घडविणारी तालीम या दोन्ही गोष्टी मावत नाहीत. कोल्हापूरकडून खेळलेला सीमाभागातील मुलगा यादीत केवळ ‘कोल्हापूर’ म्हणून उरतो आणि पन्नास वर्षांनी त्याच्या गावालाही त्याचे नाव ठाऊक नसते.

यावर उपाय अवघड नाही. राज्यसीमेचा निवाडा न्यायालयात व्हायचा तेव्हा होईल. तोवर परिषद असो वा संघ, महाराष्ट्र असो वा कर्नाटक, किताबाच्या नोंदवहीत मल्लाचे नाव, जन्मगाव, तालीम आणि वस्ताद हे चारही तपशील लिहिले जावेत. जुन्या विजेत्यांपैकी अनेक जण आज हयात नाहीत. त्यांचे सोबती आणि पठ्ठे आहेत तोवर ही माहिती गोळा करता येईल. बेळगाव-निपाणीच्या ग्रामपंचायती, तालीम मंडळे आणि वाचनालये आपापल्या गावापुरती अशी वही आजही सुरू करू शकतात. त्यासाठी कोणत्याही राज्याच्या परवानगीची गरज नाही.

आनंदवाडीच्या आखाड्यात पुढच्या मैदानाला जो पोरगा रेवडीची कुस्ती जिंकेल, तो पुढे कर्नाटक केसरी होईल किंवा कोल्हापूरला जाऊन महाराष्ट्र केसरीची गदा उचलेल. कोणतीही गदा त्याच्या खांद्यावर शोभेल. त्याच्या नावापुढे त्याचे गाव लिहिलेले असावे, एवढी काळजी मात्र आपण घ्यायला हवी.